आपला तो सेटल, दुसऱ्याचा तो घुसखोर

माझा आतेभाऊ अकरा वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला तो पर्यटक व्हिसावर. सहा महिन्यांचा मुक्काम होता. तो संपला, भाऊ परतला नाही. न्यू जर्सीत गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे प्रत्येक पंपावर भरणारा माणूस लागतो. त्या कामावर तो रोखीने लागला. आता एका किराणा मालाच्या गोदामात आहे. आमच्या घरात याला ‘तिकडं सेटल झालाय’ म्हणतात. कुणी फारच खोदून विचारलं तर आत्या सांगते, ‘कागदाचं काम चाललंय.’ अकरा वर्षं ते चाललंय.

त्याला कुणी घुसखोर म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. मीही म्हटलेलं नाही. तो शब्द आमच्या घरात दुसऱ्याच एका माणसासाठी निघाला, आणि तो कसा निघाला हे आधी कबूल केल्याशिवाय बेकायदा स्थलांतरावर माझं मत मांडण्यात अर्थ नाही.

२०२५च्या मे महिन्यात डोंबिवलीला आईबाबांच्या बाथरूमची लादी बदलायला काढली. ठेकेदाराने दोन माणसं पाठवली, एक कारागीर आणि एक बिगारी. कारागीर तिशीतला, पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा. कामाला असा चोख की लादी कापली की तिची कड नखाने तपासायचा, मनासारखी नसली तर बाजूला ठेवून दुसरी घ्यायचा. पहिल्या दिवशी आईने त्याला काचेच्या ग्लासात चहा दिला. दुसऱ्या दिवशी कागदी कपात. कुणी काही बोललं नव्हतं. मधल्या संध्याकाळी फक्त त्याचं नाव कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी काका आले. आमचे काका विट्याकडचे गलाईवाले. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळायला गेली. सोनाराच्या दुकानातली धूळ-राख विकत घ्यायची, भट्टी लावायची, मुशीत आटवायचं, तेजाबाच्या वाफा छातीत भरून घ्यायच्या आणि गावाकडं माडी बांधायची. काकांनी तीस वर्षं कलकत्त्यात बडाबाजारच्या एका गल्लीत काढली. बंगाली फर्डं बोलतात. त्यामुळे या विषयातले ते आमचे घरगुती तज्ज्ञ. कारागिराशी पाच मिनिटं बोलून ते बाहेर आले आणि आवाज खाली करून म्हणाले, ‘ह्यो पलीकडचा. आरं, मला इचारा की. तीस वर्षं काढल्यात.’

पलीकडचा म्हणजे बांगलादेशी. कशावरून? तर तो ‘जल’ म्हणाला नाही, ‘पानी’ म्हणाला.

पश्चिम बंगालमधले मुसलमान पाण्याला सर्रास ‘पानी’ म्हणतात, आणि तीस वर्षं तिथे राहिलेल्या माणसाला हे ठाऊक नसणं शक्य नाही. मुर्शिदाबाद पद्मा नदीच्या अलीकडच्या काठावर, बांगलादेशातलं राजशाही पलीकडच्या. दोन्ही काठांची बोली एकमेकींना इतकी जवळची की चंदगड आणि बेळगाव आठवावं. आणि दिवसातून पन्नास वेळा ‘पाणी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाने त्याच शब्दावरून दुसऱ्याला परदेशी ठरवावं, यातला विनोद तेव्हा माझ्याही डोक्यात आला नाही. मी बाबांना हळूच विचारलं, ‘ठेकेदाराने आधार बघितलं असेल ना?’ काका मोठ्याने बोलले म्हणून ते सगळ्यांना आठवतं. मी हळू बोलले.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विषय गेला. चौथ्या दिवशी कामाला कुणी आलं नाही. ठेकेदार म्हणाला, चौकशीला नेलंय. फोन कुणी केला ते मला माहीत नाही. घरात कुणी कुणाला विचारलंही नाही. सहा दिवसांनी तो सुटला, गावच्या पंचायतीचा दाखला, वडिलांचं मतदारयादीतलं नाव, शाळेचा कागद असं सगळं मोबाइलवर मागवून. हत्यारं न्यायला आला तेव्हा आईने विचारलं, राहिलेली लादी बसवणार का? ‘आंटी, किसी और को बुला लो.’ बाबांनी पूर्ण कामाची मजुरी पुढे केली. त्याने झाल्या कामाची मोजून घेतली आणि बाकीची ओट्यावर ठेवली.

तो नशीबवान, असं मी नंतर बातम्या वाचून म्हणाले. त्याच सुमारास मीरा रोड भागात काम करणाऱ्या मुर्शिदाबादच्याच एका गवंड्याला पकडलं गेलं आणि जूनमध्ये रातोरात सरहद्दीपलीकडे ढकललं गेलं. तो भारतीय होता. पश्चिम बंगाल सरकारने कागद दाखवून आरडाओरडा केल्यावर त्याला आणि त्याच्यासारख्या आणखी काहींना परत आणावं लागलं. बीरभूमच्या एका गरोदर बाईला दिल्लीतून उचलून याच पद्धतीने पाठवलं होतं. तिला परत आणायचा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ती आपल्या लहान मुलासह परतली तेव्हा डिसेंबर उजाडला होता. हे काही नवीनही नाही. १९९८ साली मुंबई पोलीस ‘बांगलादेशी’ म्हणून पकडलेल्यांना रेल्वेने हावड्याकडे नेत होते, तेव्हा उलुबेरिया स्टेशनात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं होतं. यातले कितीतरी आमचेच आहेत, असं तेव्हाही बंगालचं सरकार ओरडून सांगत होतं.

मला इथे एक गोष्ट सरळ सांगायची आहे, कारण असे लेख वाचताना वाचकाला वाटतं की लिहिणारीला सरहद्दच नको आहे. मला हवी आहे. कोण आत येतं, कोण राहतं, हे ठरवायचा देशाला अधिकार आहे. बांगलादेशातून माणसं बेकायदा येतात, दलालाला पैसे देऊन येतात, खोटे कागद करून राहतात, हे सगळं खरं आहे. जानेवारी २०२५मध्ये वांद्र्यात एका प्रसिद्ध नटावर त्याच्याच घरात चाकूहल्ला झाला. ठाण्यात पकडलेला संशयित बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर लोक घाबरले तर त्यांना मूर्ख म्हणायचं कारण नाही. चौकशी झाली, गुन्हा सिद्ध झाला, त्या देशाने माणूस आपला असल्याचं मान्य केलं, की पाठवा परत. माझी हरकत याला नाही. माझी हरकत त्या पाच मिनिटांना आहे, ज्यात काकांनी निकाल दिला.

कारण ही पाच मिनिटं काकांपुरती राहत नाहीत. परदेशी नागरिकांविषयीचा १९४६चा कायदा असा होता की संशय सरकारने घ्यायचा आणि आपण परदेशी नाही हे त्या माणसाने सिद्ध करायचं. १ सप्टेंबर २०२५पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. पुराव्याचं ओझं त्यातही त्याच्याच डोक्यावर आहे. चोर म्हणून पकडलेल्याची चोरी सरकारला सिद्ध करावी लागते. परदेशी म्हणून पकडलेल्याला आपण इथलेच आहोत हे सिद्ध करावं लागतं. अशा कायद्यात पहिला संशय हीच जवळपास शिक्षा होऊन बसते. मग तो संशय कशावरून घेतला, पुराव्यावरून की ‘पानी’वरून, हा बारीकसारीक मुद्दा राहत नाही.

आणि सिद्ध कशाने करायचं? आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. म्हणजे मी बाबांना हळूच विचारलेला प्रश्न कायद्याच्या दृष्टीने निरर्थकच होता. १ जुलै १९८७च्या आधी भारतात जन्मलेल्याला इथे जन्मल्याचं दाखवलं की पुरतं. त्यानंतर जन्मलेल्याला आई किंवा वडील भारतीय असल्याचं दाखवावं लागतं. डिसेंबर २००४नंतरच्याला दोघांचंही: दोघे नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नाही. आमचा लादीवाला तिशीतला. म्हणजे त्याला बापाचा जन्म शोधणं आलं. गंगा-पद्मेच्या काठाची गावंच्या गावं नदी दरवर्षी खाते त्या जिल्ह्यात.

आता आमच्याकडे या. आमच्या आजीच्या जन्माची कुठेही नोंद नाही. ती स्वतः ‘बैल विकले त्या साली’ असं सांगायची. बाबांचा जन्म १ जूनचा. काकांचाही १ जूनचा. आत्याचाही. ग्रामीण महाराष्ट्रात ज्याने शाळेत नाव घातलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. मास्तरांनी पोराच्या डोक्यावरून हात नेऊन कानाला लागतो का पाहिलं आणि शाळा ज्या महिन्यात उघडते त्या महिन्याची पहिली तारीख टाकली. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर बापाचं म्हणून दुसरंच. आम्हाला यातलं काही कधी कुणी विचारलं नाही. आम्ही खरे आहोत म्हणून नव्हे. आमच्या आडनावावर तो प्रश्नच उठत नाही म्हणून. आसाममध्ये नागरिक नोंदणीत (एनआरसी) सगळ्यांनाच विचारलं तेव्हा ३१ ऑगस्ट २०१९च्या अंतिम यादीतून १९ लाख ६ हजार ६५७ माणसं बाहेर राहिली, आणि त्यात हिंदूही मोठ्या संख्येने निघाल्यावर ज्यांनी यादी मागितली होती त्यांनाच ती नकोशी झाली.

बेकायदा माणसं आहेत तरी किती? २००४मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सव्वा कोटीच्या आसपासचा आकडा दिला आणि नंतर तो भरवशाचा नसल्याचं सरकारनेच सांगितलं. २०१६मध्ये दुसऱ्या गृह राज्यमंत्र्यांनी दोन कोटी सांगितले. जो आकडा मोजलेलाच नाही तो हवा तेवढा फुगतो आणि शेवटी आपल्या जिन्यावर लादीचं खोकं घेऊन चढणाऱ्या माणसात दिसायला लागतो. गंमत म्हणजे अमेरिकेतही हेच. तिथे विनाकागद राहणारे भारतीय २०२१ साली सव्वासात लाख होते असा प्यू रिसर्च सेंटरचा अंदाज. अमेरिकी सरकारचा स्वतःचा २०२२चा अंदाज दोन लाख वीस हजार. एवढी तफावत. पण कमीत कमी धरला तरी त्या लाखांमध्ये आमच्या घरातला एक आहे.

आतेभावाचं मला खरंच वाईट वाटतं. आत्याचे यजमान २०२१मध्ये गेले. मुलाने अग्नी दिला तो व्हिडिओ कॉलवर, म्हणजे दिला पुतण्याने, याने पाहिला. यायची इच्छा नव्हती असं नाही. अमेरिकेच्या १९९६च्या कायद्याप्रमाणे वर्षभरापेक्षा जास्त बेकायदा राहून जो बाहेर पडतो त्याला दहा वर्षं परत येता येत नाही. कायदा केला बेकायदा राहणाऱ्यांना हाकलायला, आणि झालं असं की आत असलेले आतच अडकले. आमच्या घरात हे सगळं कलमांसकट पाठ आहे. आत्याला, जिला सातवीनंतर शाळा नाही, तिला ‘आउट ऑफ स्टेटस’ म्हणजे काय ते इमिग्रेशन वकिलासारखं सांगता येतं. आपल्या माणसावर आली की कायद्याची बारकाई माणूस किती चटकन शिकतो! दुसऱ्यावर आली की एका शब्दात भागतं.

आणि बारकाईच करायची तर हीही करू. व्हिसाची मुदत संपल्यावर अमेरिकेत राहणं हा तिथे नागरी स्वरूपाचा भंग मानतात; नुसत्या त्याबद्दल तुरुंगाची शिक्षा नाही. भारताच्या नव्या कायद्यात मुदतीपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, विनापासपोर्ट शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत. आमच्या भावाने अमेरिकेत जे केलं ते एखाद्याने इथे केलं असतं तर काकांनी काय म्हटलं असतं, हे मला त्यांना विचारायची गरज वाटली नाही.

५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. गुजरात आणि हरियाणाचे प्रत्येकी ३३, पंजाबचे ३०, आणि महाराष्ट्राचे तीन. त्या दिवशी काका टीव्हीसमोर तळमळत होते. ‘माणसं हायत का जनावरं? खून केला व्हता का कुणी? पोटासाठी गेली व्हती.’ माझं मत त्या दिवशी तंतोतंत काकांचंच होतं. २०२२च्या जानेवारीत गुजरातमधल्या डिंगुचा गावचं एक जोडपं आणि त्यांची दोन लेकरं कॅनडातून अमेरिकेत चालत शिरताना मॅनिटोबात सीमेजवळच्या बर्फात गोठून मेली, तेव्हाही काका दोन दिवस नीट जेवले नव्हते. हे मी मुद्दाम सांगते आहे. काका निर्दय नाहीत. त्यांच्या मनात भरपूर माया आहे, पण ती नकाशा बघून जाते. फेब्रुवारीत टीव्हीसमोर तळमळलेला माणूस मे महिन्यात बाथरूमच्या दाराशी उभा राहून ‘ह्यो पलीकडचा’ म्हणतो, आणि दोन्ही वेळा तो मनापासूनच बोलत असतो.

पूर्वग्रह म्हटलं की आपल्याला दंगल करणारा कुणी दिसतो. आमच्या घरात तो कागदी कपात दिसला. तो अज्ञानातून येतो, लोक एकमेकांना भेटले की जातो, असंही आपण शाळेत शिकतो. काकांनी बंगालमध्ये तीस वर्षं काढली, बंगाल्यांचं मीठ खाल्लं. त्यांची घरमालकीण त्यांना ‘बोर्गी’ म्हणून चिडवायची, कारण बंगालमध्ये आया आजही लेकरांना बर्गी येतील म्हणून झोपवतात, आणि बर्गी म्हणजे १७४०च्या दशकात लूट करत आलेले नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. त्यांच्या भीतीने कलकत्त्याभोवती खोदलेल्या खंदकाचं नावच मराठा खंदक. हा किस्सा काका स्वतः हसत सांगतात. म्हणजे परका ठरणं म्हणजे काय हे त्यांना कळतं. त्या कळण्याचा मे महिन्यात काडीचा उपयोग झाला नाही. तीस वर्षांत त्यांनी भाषा उचलली, आणि बडाबाजारच्या दुकानदारांचा तिथल्या मुसलमान हमालांविषयीचा तिटकाराही भाषेबरोबर उचलला.

घुसखोर या शब्दाचा अर्थ ‘परवानगीशिवाय शिरलेला’ एवढाच असता तर तो सगळ्यांना सारखा लागला असता. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीने बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेला हिंदू कायद्याच्या भाषेत बेकायदा स्थलांतरित उरत नाही. त्याच वाटेने, त्याच रात्री, त्याच दलालाला पैसे देऊन आलेला मुसलमान उरतो. छळ होऊन आलेल्याला आसरा देणं मला मान्य आहे. गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातल्या निर्वासितांची गावं वसवली, त्यात चूक काही नव्हतं. पण मग शिरण्याला गुन्हा म्हणू नका. जे मोजता आहात ते सरळ सांगा.

एका आक्षेपाला मात्र मला उत्तर द्यायचं आहे, कारण तो खरा आहे. डोंबिवलीच्या मजूर नाक्यावर सकाळी सोलापूर, लातूर, यवतमाळचे बिगारी उभे असतात. विनाकागद माणूस कमी पैशात राबतो म्हणून यांची मजुरी पडते, हे त्यांचं म्हणणं. बरोबर आहे. पण तो कमी पैशात का राबतो? मजुरी बुडवली तरी तो पोलिसात जाणार नाही याची ठेकेदाराला खात्री असते म्हणून. छापा पडतो तेव्हा गाडीत मजूर बसतो. त्याला वर्षभर रोखीने राबवणारा, त्याचे खोटे कागद करून देणारा दलाल आणि त्या दोघांकडून स्वस्तात काम घेणारी आमच्यासारखी माणसं चहा पीत राहतात. ठेकेदाराला मजुरांची नोंद आणि बँकेतून मजुरी सक्तीची करा, बुडवलेल्या मजुरीची तक्रार कागद न मागता घ्या. लातूरच्या बिगाऱ्याला याने मिळेल ते दहा छाप्यांनी मिळणार नाही. शिवाय ठेकेदाराला मजूर कोण आहे ते पहिल्या दिवशीच नीट पाहावं लागेल, आणि ते काम सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाकडे उरणार नाही.

न्यू जर्सीच्या गोदामाचा मालक गुजराती आहे. आतेभावाला तो किमान वेतनापेक्षा कमी देतो. भाऊ तक्रार करत नाही.

दिवाळीला सगळे डोंबिवलीला जमलो होतो. मतदारयाद्यांच्या फेरतपासणीचा विषय निघाला, आणि बाबांनी कधी नव्हे ते पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. शाळा सोडल्याचे दोन दाखले निघाले. एकावर आडनाव, दुसऱ्यावर आडनावाच्या जागी गावाचं नाव. तारीख दोन्हींवर १ जून, सालात दोन वर्षांचा फरक. बाबा बराच वेळ दोन्ही कागद चष्म्याजवळ धरून बसले. मग ट्रंक आत सरकवत त्यांनी काकांना विचारलं, ‘तुझी कागदं कुठायत रं?’

काका म्हणाले, ‘कलकत्त्यात असतील.’